जखमेवरचा द्राक्षारस : बोन नगराची कहाणी

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही त्यातील एक लहानसा तपशील आपल्या कानांवरून सहसा निसटून जातो. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेल्या त्या वाटसरूच्या जखमांवर शोमरोनी माणूस तेल आणि द्राक्षारस ओततो. मग त्याला उतारशाळेत नेतो, उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना तोही चुकता करीन, असे सांगून वाटेला लागतो. द्राक्षारस, जखम, निवारा आणि उद्याच्या खर्चाची तजवीज या चारही गोष्टी प्रभूने त्या एका प्रसंगात एकत्र गुंफल्या आहेत. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात बोन नावाचे एक लहानसे तटबंदीचे नगर आहे. तेथे या चारही गोष्टी साडेपाचशेहून अधिक वर्षे एकमेकींच्या आधाराने नांदत आल्या आहेत. त्या नगराची ही कहाणी.

मद्याचा विषय निघाला की आपल्याकडील कुटुंबवत्सल माणसाच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अकारण नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या धर्मग्रामांना अपरिचित नाहीत. मात्र जो द्राक्षारस मिस्साबलीत वेदीवर अर्पण होतो, त्याचा इतिहास केवळ मद्यपानाचा इतिहास नाही. जमीन, श्रम, प्रार्थना, लोभ आणि दान यांचे धागे त्यात गुंतलेले आहेत. ते धागे जिथे स्पष्ट दिसतात अशा मोजक्या ठिकाणांत बोनची गणना करावी लागेल.

उतार, वेल आणि मठवासी

बर्गंडीची राजधानी दिजाँ. तेथून दक्षिणेकडे सुमारे ४० किलोमीटरवर बोन वसले आहे. या दोन नगरांच्या दरम्यान आणि बोनच्या पलीकडेही काही अंतरापर्यंत टेकड्यांची एक अरुंद रांग गेली आहे. तिचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन प्रथम त्याच्यावर पडते, चुनखडीच्या जमिनीतून पाणी झिरपून जाते आणि पश्चिमेकडून येणारे वारे डोंगरमाथ्यावर अडतात. या पट्ट्यात द्राक्षवेल रोमन काळापासून आहे. परंतु त्या वेलीला शिस्त लावली ती मठवासीयांनी.

इ. स. ९१० मध्ये बर्गंडीच्या दक्षिण भागात क्लूनीचा बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला. पुढे १०९८ साली मोलेमचे संत रॉबर्ट आणि त्यांचे सहकारी बोनपासून जवळच असलेल्या सितो येथील दलदलीच्या रानात आले आणि त्यांनी सिस्टर्शियन संघाचा पाया घातला. त्याच वर्षी बर्गंडीच्या ड्यूकने त्यांना मर्सो येथील एक द्राक्षमळा दान दिल्याची नोंद आहे. पुढे तरुण बर्नार्ड आपल्या नातलगांसह याच मठात दाखल झाले आणि संघाची कीर्ती साऱ्या युरोपभर पसरली.

मठवासीयांना द्राक्षारस का हवा होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मिस्साबलीसाठी तो अनिवार्य होता. शिवाय दारी आलेल्या पाहुण्याची सरबराई हे मठाचे व्रत होते, आणि संत बेनेडिक्टांच्या नियमावलीने दुर्बल प्रकृतीचा विचार करून मठवासीयांना रोजच्या जेवणात मोजका द्राक्षारस घेण्याची मुभा ठेवली होती. सिस्टर्शियन मठवासी हाताने काम करीत. वर्षानुवर्षे त्याच मळ्यात राबल्याने त्यांना कळून आले की, दहा पावलांच्या अंतरावर जमीन बदलते आणि जमिनीबरोबर रसाची चवही बदलते. वूजो येथे त्यांनी सुमारे ५० हेक्टरांचा मळा सलग जमवला आणि त्याला दगडी कुंपण घातले. ते कुंपण आजही उभे आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा स्वभाव असतो, ही बर्गंडीची जी धारणा आहे तिच्या मुळाशी मठवासीयांचे हे धीराचे निरीक्षण आहे. अशा १,२४७ तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

तटाच्या आत

बोन ही एकेकाळी बर्गंडीच्या ड्यूकांची बैठक होती. १२०३ साली ड्यूकने नगराला स्वशासनाची सनद दिली. पुढे ड्यूकांचा मुख्य मुक्काम दिजाँला हलला, तरी बोनचे महत्त्व ओसरले नाही. येथील द्राक्षारस राजेरजवाड्यांच्या आणि पोपमहोदयांच्या पंक्तीला जात होता. या मालाचे मोल ड्यूकांनाही ठाऊक होते. १३९५ साली ड्यूक फिलिपने हुकूम काढला की, भरपूर पण हलके पीक देणारी गामे जातीची द्राक्षवेल उपटून टाकावी आणि पिनो जातीचीच लागवड राखावी. हुकूम कडक होता. भरपूर पिकावर जगणाऱ्या गरीब मळेवाल्याला तो खचितच जाचला असेल.

नगराभोवतीचा तट आज दिसतो तो मुख्यतः १५व्या आणि १६व्या शतकांतला. १४७७ साली शेवटचा ड्यूक शार्ल नान्सीच्या लढाईत पडला आणि फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने बर्गंडी आपल्या राज्याला जोडली. बोनकरांनी या नव्या सत्तेला विरोध केला. विरोध मोडून काढल्यावर राजाने तटाला लागून एक किल्ला उभारला. त्याच्या तोफांचा धाक बाहेरच्या शत्रूइतकाच आतल्या प्रजेलाही असावा, हा त्यामागचा हेतू उघड होता. सव्वाशे वर्षांनी, १७व्या शतकाच्या प्रारंभी, चौथ्या हेन्रीने तो किल्ला पाडावयास लावला. मात्र त्याचे प्रचंड जाडीचे बुरूज पूर्णपणे पडले नाहीत. १८व्या शतकात नगरात द्राक्षारसाच्या व्यापारी पेढ्या उदयास आल्या आणि पुढे याच बुरुजांच्या पोटात त्यांनी आपली तळघरे थाटली. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणाऱ्या त्या दगडी पोकळीत आता पिंपे आणि बाटल्या शांतपणे वर्षे मोजीत पडून असतात. युद्धासाठी रचलेल्या भिंतींना काळाने असे वेगळेच काम लावले.

निकोला रोलाँ आणि त्यांची पत्नी

आता आपण कहाणीच्या गाभ्याशी येतो. १४४३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेला निकोला रोलाँ आणि त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी बोन येथे गरिबांसाठी एक रुग्णालय स्थापण्याचा दस्तऐवज केला. रोलाँ हे ड्यूक फिलिप यांचे चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री. १४२२ पासून त्यांनी हे पद सांभाळले होते. फ्रान्सच्या राजाशी बर्गंडीचा समेट घडवून आणणाऱ्या १४३५ सालच्या आरासच्या तहात त्यांचा मोठा वाटा होता.

तह झाला खरा, पण शांतता आली नाही. शतवर्षीय युद्धातील बेकार झालेले भाडोत्री सैनिक टोळ्या करून खेडी लुटीत फिरत होते. लोक त्यांना कातडी सोलणारे म्हणत. त्यांच्या पाठोपाठ दुष्काळ आला, रोगराई आली. बोनमध्ये बहुसंख्य लोक निष्कांचन झाले होते. रोलाँ दांपत्याने अशा नगरात आपले रुग्णालय उभारण्याचे ठरवले. पोप चौथे युजीन यांची परवानगी त्यांनी आधीच मिळवली होती. केवळ इमारत बांधून ते थांबले नाहीत. सालँ येथील मिठागरांच्या उत्पन्नातून दरवर्षी १,००० लिव्र इतकी रक्कम त्यांनी संस्थेला कायमची लावून दिली. रुग्णालयाच्या दारात गरिबांना रोज पांढरा पाव वाटला जावा, अशीही तरतूद केली. दोन दीनार देऊन पुढच्या खर्चाचा शब्द देणारा शोमरोनी इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि तरीही रोलाँ हे काही शोमरोनी नव्हते. साधारण मध्यमवर्गीय घराण्यात जन्मलेला हा वकील राजसेवेत अफाट श्रीमंत झाला होता. त्या संपत्तीविषयी त्यांच्या हयातीतही लोक कुजबुजत. अकरावा लुई म्हणाला होता अशी एक आख्यायिका सांगतात : या माणसाने आयुष्यभर इतक्यांना गरीब केले आहे की, त्यांच्यासाठी एखादे रुग्णालय बांधणे त्याला भागच होते. राजाची जीभ तिखट होती आणि बर्गंडीविषयी त्याच्या मनात वैरही होते. परंतु ही कोटी पाच शतके टिकली, याचा अर्थ तिने एका खऱ्या प्रश्नावर बोट ठेवले होते. रोलाँ यांनीही आपल्या दस्तऐवजात आडपडदा ठेवला नाही. आपल्या आत्म्याच्या तारणासाठी ऐहिक धन देऊन स्वर्गीय धन घेण्याचा हा व्यवहार आपण करीत आहोत, असा त्यातील आशय आहे. मंत्र्याची आणि व्यापाऱ्याची भाषा त्याने देवासमोरही सोडली नाही.

गरिबांचे दालन

हे रुग्णालय 'ओतेल-द्यू' या नावाने, म्हणजे देवाचे घर म्हणून, ओळखले जाते. १ जानेवारी १४५२ रोजी तेथे पहिला रुग्ण दाखल झाला. रस्त्याच्या बाजूने पाहिल्यास राखाडी छपराची साधी इमारत दिसते. आतल्या चौकात पाऊल टाकताच मात्र लाल, पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी झिलईच्या कौलांची नक्षी मांडलेले उतरते छप्पर सामोरे येते. वैभव आत ठेवावे आणि रस्त्याकडे साधेपणा दाखवावा, ही योजना ध्यानात घेण्याजोगी आहे. हे वैभव ज्यांना रोज पाहावयास मिळे ते नगरातले रोगी होते.

'गरिबांचे दालन' हा या वास्तूचा आत्मा. सुमारे ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १६ मीटर उंच अशा या दालनाचे लाकडी छत उलट्या ठेवलेल्या गलबतासारखे दिसते. दोन्ही भिंतींना लागून पडदे लावलेल्या खाटांच्या रांगा आहेत. दालनाच्या एका टोकाला थेट चॅपेल जोडलेले आहे. ज्याला उठवत नाही त्याने खाटेवरूनच मिस्सा ऐकावी, वेदीकडे पाहावे, ही त्यातील कल्पना. त्या काळी औषधे थोडी होती. गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोघांना निजवावे लागे. बरे होण्याची शाश्वती कोणालाच नव्हती. परंतु ज्याला रस्त्यावर मरण आले असते, त्याला येथे स्वच्छ चादर, गरम सूप आणि शेवटचे संस्कार मिळत होते. शतकानुशतके जखमा धुण्यासाठी आणि औषधे कालवण्यासाठी द्राक्षारस वापरला जाई. दाखल्यातला तो तपशील येथे नित्याचा उपचार होता.

सेवेचा भार धर्मभगिनींवर होता. प्रारंभी उत्तरेकडून आणलेल्या प्रमुख भगिनीचे कठोर नियम इतरांना सोसेनात, तेव्हा रोलाँ यांनी तिला दूर केले आणि १४५९ साली नवी सौम्य नियमावली लागू झाली. या भगिनींची व्रते रुग्णालयात राहण्याच्या काळापुरती होती. ज्यांना बाहेर पडावयाचे असेल त्यांना वाट मोकळी होती. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्या राहिल्या. त्यांच्या औषधालयातील बरण्या आजही मांडून ठेवल्या आहेत. एकीवर कुचल्याची पूड लिहिले आहे, तर दुसरीवर ओलाव्यात राहणाऱ्या किड्यांची. आज त्या वाचून हसू येते. परंतु त्या बरण्यांपाशी उभ्या राहिलेल्या बायकांनी प्लेगच्या साथीतही दार बंद केले नाही, हे आठवले की हसू मावळते.

१६५८ साली राजा चौदावा लुई येथे आला. स्त्रिया आणि पुरुष एकाच दालनात पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्याने वेगळ्या व्यवस्थेसाठी देणगी दिली. असे एकेका दात्याने एकेक दालन वाढवत नेले.

न्यायाचे चित्र

चॅपेलच्या वेदीसाठी रोलाँ यांनी फ्लँडर्सचे चित्रकार रोगियर वान डेर वेडन यांच्याकडून एक अनेक फळ्यांचे भव्य चित्र करवून घेतले. विषय होता अंतिम न्याय. मधोमध इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त. त्याच्या खाली शुभ्र वस्त्रातील संत मायकल हातात तराजू घेऊन आत्म्यांचे वजन करीत आहे. दोन्ही बाजूंना पवित्र मरिया, बाप्तिस्मा करणारा योहान आणि प्रेषित. खाली मृत माणसे जमीन फोडून वर येतात. एका बाजूचे स्वर्गाच्या दाराकडे जातात, दुसऱ्या बाजूचे काळोखात कोसळतात. या चित्रात सैताने नाहीत. पाप्यांना कोणी ढकलत नाही. ते आपल्याच भाराने खाली जातात.

हे चित्र रविवारी आणि सणाच्या दिवशी उघडले जाई. इतर दिवशी त्याच्या फळ्या मिटलेल्या असत. मिटलेल्या फळ्यांवर गुडघे टेकलेले निकोला आणि गिगोन दिसत. त्यांच्या मध्ये प्लेगच्या रोग्यांचे आश्रयदाते संत सेबास्तियन आणि अंगाची आग करणाऱ्या रोगाचे निवारणकर्ते मठाधिपती संत अंतोनी. रोग्यांना रोज दिसे तो प्रार्थना करणारा श्रीमंत दाता. सणाच्या दिवशी मात्र तो दाता बाजूला सरे आणि ज्याच्यापुढे राजा, मंत्री आणि भिकारी यांना उघड्याने उभे राहावे लागते तो न्यायाधीश दिसे. तराजूत कोणाचे काय पडेल हे चित्र सांगत नाही. ज्याने पैसा दिला त्यानेही त्या तराजूकडे पाहणे टाळले नाही, एवढे मात्र त्यातून दिसते. १४६२ साली रोलाँ वारले. गिगोन त्यानंतर रुग्णालयातच राहिल्या, सेवा करीत राहिल्या आणि १४७० साली तेथेच त्यांचा अंत झाला. दालनातील फरशांवर आजही दोघांच्या नावांची आद्याक्षरे गुंफलेली दिसतात. नवऱ्याने धन दिले, बायकोने आयुष्य दिले.

मळ्यांचे दान

मिठागरांच्या उत्पन्नावर आरंभ झाला, पण रुग्णालय तगले ते द्राक्षमळ्यांवर. १४५७ साली गिय्येमेत लेव्हेर्निये नावाच्या स्त्रीने आपला मळा रुग्णालयाला दिला. अशा दानांतील ही पहिली नोंद. त्यानंतर शतकानुशतके सरदारांनी, व्यापाऱ्यांनी, विधवांनी, बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांच्या कुटुंबांनी मळे दिले. आज संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत. प्रत्येक प्रकारच्या द्राक्षारसाला त्या त्या दात्याचे नाव आहे. एका पिंपावर निकोला रोलाँ, एकावर गिगोन द सालँ, तर एकावर कोणा एकीचे नाव नाही; तो सेवा करणाऱ्या भगिनींच्या नावे ओळखला जातो.

रोख पैसा खर्च होतो, त्याचे मोल घटते, राज्ये बदलली की तो बुडतोही. मळा मात्र दरवर्षी नव्याने देतो. परंतु त्यासाठी दरवर्षी कोणीतरी छाटणी करावी लागते, खणावे लागते, गारपिटीला तोंड द्यावे लागते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने बर्गंडीत प्रवेश केला आणि जुन्या वेली वाळून गेल्या. अखेर अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. जुने दान नव्या श्रमांखेरीज जगत नाही, हा धडा बोनच्या मळ्यांनी सर्वांना दिला.

१८५९ पासून या द्राक्षारसाचा जाहीर लिलाव होतो. नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी नगरात मोठी जत्रा भरते. २२८ लिटरांचे एकेक पिंप विकले जाते. मेणबत्ती पेटवून तिची ज्योत विझेपर्यंत बोली घेण्याची जुनी रीतही जपली आहे. येणारा पैसा रुग्णालयाच्या कामी येतो. १९७८ पासून एखादे पिंप केवळ इतर धर्मादाय कार्यांसाठी विकले जाते. २०२२ साली अशा एका पिंपाला ८ लाख १० हजार युरो मिळाले. जुन्या इमारतीतील रुग्ण १९७१ साली आधुनिक इमारतीत हलवले गेले आणि जुने दालन संग्रहालय झाले, तरी मळ्यांचे उत्पन्न रुग्णसेवेलाच जाते. २०१५ साली या मळ्यांची आणि तळघरांची धुरा प्रथमच एका स्त्रीकडे, ल्यूदिव्हीन ग्रिव्हो यांच्याकडे, आली. ज्या परंपरेचा आरंभ एका स्त्रीच्या दानाने झाला तिला हे साजेसेच झाले.

उजेड आणि सावल्या

बोनचा इतिहास केवळ पुण्यकृत्यांचा आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. तेव्हा बोनमधील अनेक विणकर आणि कापड-व्यापारी घरदार सोडून निघून गेले. नगराचा कापडधंदा बसला तो कायमचा. ज्या तटाच्या आत रोग्यांना दार उघडे होते, त्याच तटातून शेजाऱ्यांना बाहेर जावे लागले. पुढे शंभर वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीत खुद्द मठांवरच तशी वेळ आली. १७८९ साली धर्मसंस्थांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. सितोचे मठवासी विखुरले, वूजोचा मळा विकला गेला आणि क्लूनीचे महामंदिर दगडांसाठी पाडले गेले. बोनचे रुग्णालय मात्र चालू राहिले. ज्याचा गरिबांना रोज उपयोग होत होता, ते क्रांतीलाही हवेच होते.

भक्तीच्या इतिहासातही या नगराचे नाव आहे. १६१९ साली येथेच जन्मलेली मार्गरेट बालवयातच नगरातील कार्मेल मठात गेली. तिथे तिने बाळ येशूच्या भक्तीचा प्रसार केला. १६४८ साली, तिशीही गाठण्याआधी, ती देवाघरी गेली. १९०५ साली धर्मसभेने तिला आदरणीय म्हणून घोषित केले. तिच्या मठातील बाळ येशूची मुगुट घातलेली छोटी मूर्ती 'कृपेचा राजा' म्हणून प्रसिद्ध आहे. मळेवाल्यांचे आश्रयदाते संत व्हिन्सेंट यांचा सण जानेवारीत येतो. १९३८ पासून तो बर्गंडीच्या गावांतून पाळीपाळीने साजरा होतो. त्या दिवशी प्रत्येक गावाचे मळेवाले आपापल्या संताची मूर्ती घेऊन थंडीतून मिरवणुकीने मिस्सेला जातात.

नगरातील नोत्र-दाम हे १२व्या शतकातील मंदिर पवित्र मरियेच्या जीवनावरील जुन्या विणीव चित्रपडद्यांसाठी नावाजलेले आहे. त्याच्या हिशेबवह्यांनी अलीकडे एक वेगळेच काम केले. द्राक्षतोडणीच्या मजुरांना कोणत्या दिवशी मजुरी दिली, याच्या नोंदी त्यांत होत्या. त्या आणि नगराच्या इतर नोंदी जुळवून अभ्यासकांनी १३५४ ते २०१८ या काळातील तोडणीच्या तारखा सिद्ध केल्या आणि २०१९ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यावरून असे दिसते की, १९८८ पासून बोनची तोडणी आधीच्या सहा-साडेसहा शतकांच्या मानाने सरासरी १३ दिवस लवकर होऊ लागली आहे. पृथ्वी तापत असल्याची ही साक्ष चर्चच्या कारकुनाने मजुरीच्या हिशेबात नकळत लिहून ठेवली होती. आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या वह्या वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

तराजूतले दान

शेवटी अकराव्या लुईच्या त्या कोटीकडे वळणे भाग आहे. अन्यायाने मिळवलेले धन दान केल्याने धुऊन निघते काय? आमच्या मते नाही. धर्मसभेची शिकवणही तशी नाही. ज्याचे घेतले त्याला परत करणे हे दानाच्या आधीचे कर्तव्य आहे. तरीही त्या दालनातील खाटेवर शेवटचा श्वास घेणाऱ्या माणसाला उबदार पांघरूण मिळाले, ही गोष्ट रोलाँच्या पापांमुळे खोटी ठरत नाही. दात्याचा न्याय करणारा तराजू संत मायकलच्या हाती आहे, आपल्या हाती नाही. आपल्याला पाहता येते ते एवढेच की, दान दिल्यावर दाता बाजूला सरला का, आणि त्याच्यामागून येणाऱ्यांनी ते दान जिवंत ठेवले का.

बोनमध्ये ते जिवंत राहिले. त्याचे श्रेय एकट्या मंत्र्याला नाही. ते गिगोनला आहे, मळा देणाऱ्या त्या स्त्रीला आहे, नाव न ठेवता राबलेल्या भगिनींना आहे आणि वाळलेल्या वेली उपटून पुन्हा कलमे बांधणाऱ्या मजुरांना आहे. दाखल्यातल्या उतारशाळेच्या मालकाचे नाव शुभवर्तमानकाराने दिलेले नाही. शोमरोनी पैसे देऊन पुढे गेला. जखमी माणसाजवळ रात्रभर जागला असेल तर तो हा मालकच.